वात जळाल्यावर

व्यापारउद्योगांत यश मिळविलेल्या मनुष्यानें आपली हकीकत आपणच सांगावी आणि ती वाचून तरुणांनीं कंबर कसावी, हा ग्रंथप्रकार इंग्रजी वाङ्मयांत फार जुना आहे व मराठींतही तो आतां चांगला रुळला आहे. त्याची घडण वाचकांस पाठ आहे. आरंभीं दारिद्र्य, मग एखादें धाडस, मध्यें एकदोन अपयशें आणि अखेरीस भरभराट. या ग्रंथांतला नायक पहाटे चारला उठतो, रात्रीं बारापर्यंत खपतो, आणि झोंप ही आळशी लोकांची चैन आहे असें मोठ्या अभिमानानें सांगतो. परंतु गेल्या दहापंधरा वर्षांत या वृक्षास एक नवी शाखा फुटली आहे. तिच्यावरचा नायकही पहाटे चारलाच उठत असे; पण एके दिवशीं त्याला उठवलें नाहीं, आणि ग्रंथ तेथून सुरू होतो. यश कसें मिळविलें हें सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारीं, त्याच यशानें आपण कसे मोडलों व पुनः कसे उभे राहिलों हें सांगणारीं पुस्तकें आतां मांडलीं जाऊं लागलीं आहेत.

या शाखेंतलें सर्वांत गाजलेलें फळ म्हणजे आरियाना हफिंग्टन यांचें ‘थ्राइव्ह’ हें पुस्तक. तें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. इतक्या वर्षांनीं त्याचा परामर्श घेण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. पहिलें प्रयोजन असें कीं, दमलेल्या माणसास भेट म्हणून हें पुस्तक व याच्या धर्तीचीं पुस्तकें आमच्या मध्यम वर्गांतही दिलीं जातात. दुसरें असें कीं, कामाचे तास हा विषय आपल्याकडे हल्लीं वारंवार निघतो. ऑक्टोबर २०२३ मध्यें इन्फोसिसच्या संस्थापकांपैकीं एक श्री. नारायण मूर्ति यांनीं तरुणांस आठवड्यास ७० तास काम करण्याचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्यें लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष श्री. एस. एन. सुब्रह्मण्यन् यांचे ९० तासांविषयींचे उद्गार बाहेर आले व त्यांवर देशभर वाद माजला. तिसरें प्रयोजन खाजगी आहे. तें योग्य जागीं सांगूं.

प्रथम शब्दाचा विचार करणें अवश्य आहे. ‘बर्नआउट’ हा शब्द आमच्या घरांघरांतून इंग्रजींतच उच्चारला जातो, कारण त्यास सर्वमान्य मराठी प्रतिशब्द नाहीं. ‘थकवा’ म्हटल्यानें अर्थ पुरा होत नाहीं. थकलेला मनुष्य निजला कीं सकाळीं ताजा होतो. हा होत नाहीं. समईच्या दृष्टान्तानें हा भेद बरा कळेल. समईंत तेल आहे तोंपर्यंत जळतें तें तेल. वात केवळ निमित्तास असते. तेल सरलें तरी ज्योत लगेच मालवत नाहीं. कांहीं वेळ ती उलट मोठी झालेली दिसते. परंतु तेव्हां जळत असते ती वात. बाहेरून पाहणारास उजेड दिसतो, म्हणून तो तेल घालण्यास उठत नाहीं. आणि एकदां वात जळाली म्हणजे मागाहून कितीही तेल ओतलें तरी दिवा लागत नाहीं. नवी वात वळावी लागते. थकलेल्यास तेल हवें असतें, या दुसऱ्यास वात. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें ‘चार दिवस महाबळेश्वरास जाऊन या’ असा सल्ला अशा माणसास दिला जातो, आणि चार दिवसांनीं तो होता तसाच परत येतो.

या शब्दाचा इतिहासही मनोरंजक आहे. डॉ. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ. दिवसा आपला व्यवसाय करून रात्रीं ते गोरगरिबांच्या व व्यसनांत सांपडलेल्या तरुणांच्या मोफत दवाखान्यांत काम करीत. १९७४ सालीं त्यांनीं या विषयावर जो निबंध लिहिला त्यांतलीं माणसें म्हणजे त्या दवाखान्यांत सेवाभावानें राबणारे कार्यकर्ते होत. आणि जळालेल्यांत निबंधकार स्वतःही होते. पुढें क्रिस्टिना मास्लाक या विदुषीनें या अवस्थेचें माप घेण्याची पद्धति बसविली व ती १९८१ सालीं प्रसिद्ध केली. तिच्याप्रमाणें याचीं लक्षणें तीन : शक्तीचा निःशेष क्षय, ज्यांच्यासाठीं काम करावयाचें त्यांच्याविषयींच कोरडेपणा किंवा तिटकारा, आणि आपल्या हातून कांहीं घडत नाहीं ही भावना. या अभ्यासाचीं माणसेंही मुख्यतः परिचारिका, शिक्षक, समाजसेवक यांच्यासारखीं होतीं. परंतु १९८० सालीं फ्रॉइडेनबर्गर यांचें जें पुस्तक आलें, त्याच्या उपशीर्षकांत मोठ्या कर्तबगारीची जबर किंमत असा आशय आहे. म्हणजे सहा वर्षांत हा शब्द मोफत दवाखान्याच्या तळमजल्यावरून निघाला आणि जिना चढून मालकाच्या दिवाणखान्यांत जाऊन बसला. पुढें तर तो तेथलाच रहिवासी समजला जाऊं लागला. २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगसूचींत त्यास स्थान दिलें तें रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणीं दीर्घ काळ टिकलेल्या व नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. ‘कामाच्या ठिकाणीं’ हे शब्द वाचकांनीं मनांत ठेवावे. प्रस्तुत पुस्तकाचें परीक्षण करतांना आम्हांस ते पुनः लागणार आहेत.

आतां पुस्तकाकडे वळूं. हफिंग्टनबाई मूळच्या अथेन्सच्या. केंब्रिज येथें त्यांचें शिक्षण झालें. त्यापूर्वीं लहान वयांत धर्मांचा तौलनिक अभ्यास करण्यासाठीं त्या रवींद्रनाथांच्या विश्वभारतींतही कांहीं काळ राहिल्या होत्या. २००५ सालीं अमेरिकेंत त्यांनीं ‘हफिंग्टन पोस्ट’ हें संगणकावर वाचावयाचें वृत्तपत्र सुरू केलें व दोन वर्षांत तें नांवारूपास आणलें. आणि ६ एप्रिल २००७ या दिवशीं सकाळीं त्या आपल्या घरांतील कामाच्या खोलींत रक्ताच्या थारोळ्यांत पडलेल्या होत्या. पडतांना मेजाचा कोपरा लागून डोळ्याजवळ जखम झाली होती व गालाचें हाड मोडलें होतें. पुढें वैद्यांकडे खेपा सुरू झाल्या. मेंदूची तपासणी झाली, हृदयाची झाली. रोग कांहीं सांपडला नाहीं. निष्कर्ष एवढाच निघाला कीं, बाई अतिश्रमानें व जागरणानें कोसळल्या. मात्र वैद्यांच्या बाहेरच्या खोलींत ताटकळत बसल्या असतां, आपण जगतों आहोंत तें काय, हा प्रश्न स्वतःस विचारण्यास त्यांना प्रथमच फुरसत मिळाली.

हा आरंभ उत्तम साधला आहे. त्यांत नाटकीपणा असला तरी खोटेपणा नाहीं. विशेषतः ती वैद्याकडची बांकें आम्हांस फार खरीं वाटलीं. ज्या मनुष्याचा पावपाव तास दुसऱ्यांनीं वांटून घेतलेला असतो, त्याला स्वतःची भेट बहुधा अशाच ठिकाणीं होते. कारण तेथें त्याच्याकडे कोणी कांहीं मागत नाहीं.

यानंतर बाई आपला सिद्धान्त मांडतात. पैसा व सत्ता या दोन मापांनीं आपण यश मोजतों. पण दोन पायांची तिवई उभी राहत नाहीं, तिला तिसरा पाय पाहिजे. हा तिसरा पाय म्हणजे स्वास्थ्य, शहाणपण, विस्मय आणि दान, व पुस्तकाचे भागही या क्रमानें चार आहेत. पहिल्या भागांत झोंप, ध्यान, चालणें, मोबाइलपासून दूर राहणें यांचा उपदेश आहे. बाईंनीं आपल्या न्यूयॉर्कच्या कचेरींत नोकरांस दिवसा डुलकी घेण्यासाठीं दोन खोल्या करून दिल्या, हेंही त्यांत येतें. पुढील भागांत अंतःप्रेरणा, मौन, मृत्यूचें स्मरण, परोपकार हे विषय आहेत. मार्कस ऑरेलियसपासून आजच्या मेंदूशास्त्रज्ञांपर्यंत साऱ्यांचीं वचनें पानोपानीं पेरलेलीं आहेत. तीं इतकीं दाट आहेत कीं, लेखिकेचा स्वतःचा आवाज ऐकण्यासाठीं वाचकास गर्दींतून वाट काढावी लागते.

तो आवाज जेथें स्पष्ट ऐकूं येतो तेथें पुस्तक खरोखर सुंदर झालें आहे, आणि तीं स्थळें बहुतेक सर्व बाईंच्या आईसंबंधीं आहेत. आई अंगणांत आलेल्या पोस्टमनलाही जेवूं घातल्यावांचून सोडणार नाहीं अशा आमच्या घरांतल्या जुन्या बायकांची ती भगिनी शोभते. एकदां मुलींशीं बोलतां बोलतां बाई हातानें टपालही उघडीत होत्या. त्यावर आई रागावली. एका वेळीं अनेक गोष्टी करण्याच्या संवयीचा तिला मनस्वी तिटकारा होता; आणि आईचें तें शेवटचें रागावणें ठरलें. आपला अंत जवळ आला असें जाणवल्यावर रुग्णालयांत न जातां, घरांतल्या माणसांस भोंवतीं जमवून, खाणेंपिणें मांडून, तिनें जो शेवटचा प्रहर घालविला त्याचें वर्णन वाचून आम्ही पुस्तक क्षणभर मिटून ठेविलें. मोडलेल्या मनुष्यास वात कोठून मिळते, याचें उत्तर या पानांत आहे. तें कोणत्याही प्रयोगशाळेंत सिद्ध केलेलें नाहीं, व त्यास सिद्ध करण्याची गरजही नाहीं.

परंतु समग्र पुस्तकाविषयीं असें म्हणतां येत नाहीं, आणि येथून आमचा मतभेद सुरू होतो.

पहिला दोष भाषेचा, म्हणजे पर्यायानें दृष्टीचा आहे. ज्या जमाखर्चाच्या वहींतून सुटण्यासाठीं हें पुस्तक लिहिलें, त्याच वहीच्या भाषेंत त्याचे पुष्कळसे युक्तिवाद लिहिलेले आहेत. झोंप घ्यावी, कारण झोंपलेला अधिकारी निर्णय चांगले घेतो. ध्यान करावें, कारण ध्यानानें काम वाढतें. एट्ना या अमेरिकन विमा कंपनीचे प्रमुख मार्क बर्टोलिनी यांचें उदाहरण बाई देतात. बर्फावरून घसरण्याच्या खेळांत या गृहस्थांस जबर अपघात झाला. योगासनें व ध्यान यांनीं त्यांस आराम पडला. मग त्यांनीं तीच सोय कंपनींतील हजारों नोकरांस करून दिली. येथवर सर्व ठीक. परंतु बाईंचें समाधान तेवढ्यानें होत नाहीं. २०१२ सालीं कंपनीचा वैद्यकीय खर्च शेंकडा ७ नें उतरला आणि दर माणसामागें दिवसास ६९ मिनिटें अधिक काम निघालें, हे आंकडे त्या आनंदानें पुढें करतात. आम्ही या ६९ मिनिटांपाशीं अडलों. नोकराच्या मनाला जी शांति मिळाली तिच्यांतून हीं मिनिटें निघालीं, आणि तीं जमा झालीं कंपनीच्या खात्यावर! त्यांतलीं निदान तीस मिनिटें तरी त्यानें घरीं लौकर जाऊन मुलांबरोबर घालविलीं असतीं तर पुस्तकाच्या सिद्धान्ताशीं तें अधिक जुळलें नसतें काय? विश्रांति ही अधिक श्रमाची पूर्वतयारी म्हणूनच जर मान्य व्हावयाची असेल, तर ती विश्रांति नव्हे. ती घोड्यास दिलेली चंदी होय.

यावर कोणी म्हणेल, व्यवहारी लोकांस पटवावयाचें तर त्यांच्याच भाषेंत बोललें पाहिजे. हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. परंतु जॉन स्टुअर्ट मिल् यानें या प्रश्नाचा निकाल पूर्वींच लावून ठेविला आहे. आगरकरांच्या पिढीनें ज्याला गुरुस्थानीं मानलें तो हा मिल् ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरींत १८२३ पासून नोकरीस होता. १८२६ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, त्याची वात जळाली. तोंपर्यंत जगाची सुधारणा हें एकच ध्येय धरून तो अहोरात्र खपत होता. एके दिवशीं त्यानें स्वतःस विचारलें कीं, तुझे सर्व हेतु या क्षणीं सिद्धीस गेले तर तुला सुख होईल काय? अंतःकरणानें स्वच्छ ‘नाहीं’ म्हटलें, आणि उभारलेली सगळी इमारत ढासळली. तो नोकरी करीत राहिला, लिहीत राहिला. बाहेर कोणास कांहीं कळलें नाहीं. पुढें मार्मोंटेल नामक फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचतांना, बापाच्या मृत्यूनंतर एक पोर साऱ्या घराचा आधार होण्याचा निश्चय करतें, त्या जागीं त्याला रडूं कोसळलें, व आपण अजून दगड झालों नाहीं हें त्यास उमगलें. त्यानंतर वर्ड्स्वर्थच्या कवितेनें त्यास हात दिला. १८७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत मिल् सांगतो तें इतकेंच कीं, सुखाला थेट लक्ष्य करणाऱ्यास सुख लाभत नाहीं. दुसऱ्या कशांत तरी मन गुंतलें असतां तें वाटेंत भेटतें. हेंच विश्रांतीस लावून पाहावें. काम वाढावें म्हणून जो निजतो त्याच्या उशाशीं काम बसलेलेंच असतें. मिल् यानें कविता वाचली ती कचेरींतला खर्डा अधिक चांगला लिहितां यावा म्हणून नव्हे. आणि म्हणूनच ती त्याला औषध झाली.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. पुस्तक वाचून संपविल्यावर एक साधा प्रश्न अनुत्तरित राहतो : बाई झोंपूं लागल्या तेव्हां त्यांचें जागरण कोणाच्या वांट्यास गेलें? पुढाऱ्याचा भार नाहींसा होत नाहीं. तो उतरला म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावर ठेवला जातो. हफिंग्टन पोस्टचा मोठा भाग कांहींही मोबदला न घेतां लिहिणाऱ्या लेखकांनीं भरून निघत असे. फेब्रुवारी २०११ मध्यें तें पत्र एओएल कंपनीनें ३१ कोटि ५० लक्ष डॉलरांस विकत घेतलें. त्याच वर्षीं या लेखकांच्या वतीनें न्यूयॉर्कच्या न्यायालयांत दावा लावण्यांत आला; मार्च २०१२ मध्यें न्यायालयानें तो काढून टाकला, कारण पैसे मिळणार नाहींत हें ठाऊक असूनच त्यांनीं लिहिलें होतें. कायद्यानें बाई निर्दोष आहेत व आम्हीही त्यांस दोषी ठरवीत नाहीं. परंतु यशाचें तिसरें माप शोधावयास निघालेल्या लेखिकेनें, आपल्या तिवईचा हा चौथा, न दिसणारा पाय कोणता, याचा विचार करावयास नको होता काय? दानावर एक अख्खा भाग लिहिणाऱ्या ग्रंथांत या दानाचा हिशेब आला असता तर ग्रंथाचें वजन शतपट वाढलें असतें.

क्रिस्टिना मास्लाक व मायकेल लायटर यांनीं १९९७ च्या आपल्या ग्रंथांत या अवस्थेचीं मुळें सहा ठिकाणीं दाखविलीं आहेत : कामाचा बोजा, कामावर स्वतःची सत्ता नसणें, अपुरा मोबदला, सहकाऱ्यांतील दुरावा, अन्याय, आणि स्वतःच्या मूल्यांशीं कामाचा विरोध. या सहांपैकीं एकही गोष्ट मनुष्याच्या शयनगृहांत नाहीं. सहाही कामाच्या ठिकाणीं आहेत. ‘थ्राइव्ह’मधील उपाय मात्र बहुतांशीं शयनगृहांतले आहेत. पुढें २०१६ सालीं बाईंनीं आपलें वृत्तपत्र सोडून याच उपदेशाची कंपनी काढली, आणि रात्रीं मोबाइल निजविण्यासाठीं एक चिमुकली खाटही विक्रीस ठेवली. ती पाहून आम्हांस हंसूं आलें. पण हंसण्याच्या पाठोपाठ वाईटही वाटलें.

या संदर्भांत दुसरें एक उदाहरण तपासण्याजोगें आहे. आंतोनियो होर्ता-ओसोरियो हे पोर्तुगीज गृहस्थ मार्च २०११ मध्यें लंडनच्या लॉइड्स या मोठ्या पेढीचे प्रमुख झाले. २००८ च्या आर्थिक अरिष्टांत ब्रिटिश सरकारनें ही पेढी सार्वजनिक पैशानें तारली होती. नव्या प्रमुखांनीं प्रत्येक कागद स्वतः पाहण्याचा प्रघात ठेविला. नोव्हेंबरच्या आरंभीं पेढीनें जाहीर केलें कीं, ते प्रकृतीच्या कारणानें रजेवर जात आहेत. लागोपाठ पांच दिवस आपणांस झोंप अशी आलीच नाहीं, असें त्यांनीं पुढें सांगितलें. त्यांनीं उपचार घेतले, जानेवारी २०१२ मध्यें ते कामावर रुजू झाले, त्या वर्षाचा बोनस त्यांनीं नाकारला, हाताखालच्यांकडे अधिकार अधिक सोंपविले, आणि पुढें वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मानसिक आरोग्याची व्यवस्था पेढींतच लावली. २०१७ पर्यंत सरकारनें आपला सारा हिस्सा विकून मोकळें होण्याइतकी पेढी सावरली. एवढ्या मोठ्या पदावरील मनुष्यानें ‘मला झोंप येत नाहीं’ हें चारचौघांत कबूल करावें, यास मोठें धैर्य लागतें, व त्याबद्दल आम्ही त्यांस मनापासून मान देतों. तथापि त्याच वर्षीं जूनअखेर याच पेढीनें १५,००० जागा कमी करण्याचा बेत जाहीर केला होता, हेंही विसरतां येत नाहीं. तो बेत कदाचित् अपरिहार्य असेल. परंतु त्या १५,००० घरांतून त्या उन्हाळ्यांत किती दिवे रात्रभर जळत राहिले असतील, याचें पुस्तक कोणी लिहिलेलें नाहीं. पुढाऱ्याची निद्रा ही बातमी होते. कारकुनाची निद्रा ही त्याची खाजगी बाब राहते.

आतां तें खाजगी प्रयोजन. आमचे एक स्नेही यंत्रांचे सुटे भाग करण्याचा लहानसा कारखाना चालवितात. पदरीं चाळीस माणसें. तीन वर्षांपूर्वीं त्यांची अशीच वात जळाली. बँकेकडून आलेला साधा कागद वाचतांना ओळी एकमेकींत मिसळूं लागल्या; ज्या कामगारांच्या मुलांचीं बारशीं त्यांनीं जेवलीं होतीं त्यांचीं तोंडें पाहणें नकोसें झालें. वैद्यांनीं तीन महिने काम बंद करविलें. त्या वेळीं कोणा हितचिंतकानें त्यांना ‘थ्राइव्ह’ भेट दिलें होतें. आम्ही भेटीस गेलों तेव्हां तें उशाशीं पालथें पडलें होतें. कसें काय वाटलें म्हणून विचारतां ते म्हणाले, “पुस्तक चांगलें आहे हो. पण या बाई पडल्या तेव्हां सात तारखेला पगार कोणीं वांटले, तें कांहीं यांत लिहिलेलें नाहीं.”

हें एक वाक्य आमच्या साऱ्या टीकेचें मूळ आहे. आमच्या स्नेह्यांना झोंप कां येत नव्हती, याचें कारण उशींत नव्हतें. तें येणें बाकीच्या वहींत होतें. लहान उद्योगांचें बिल फार तर ४५ दिवसांत चुकतें करावें असा २००६ सालचा कायदा आहे. परंतु त्यांचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक शंभर शंभर दिवस पैसे अडकवून ठेवी, आणि कायद्याचें नांव काढावें तर पुढची ऑर्डर जाण्याची धास्ती. बरें झाल्यावर त्यांनीं ध्यानाचा वर्ग लाविला नाहीं. त्यांनीं तें गिऱ्हाईक सोडलें. दोन यंत्रें कित्येक महिने उभीं राहिलीं व घरखर्च आंखडावा लागला. वहिनींनीं तो कुरकुर न करतां आंखडला. चेकवर सही करण्याचा अधिकार त्यांनीं वहिनींना दिला, आणि सकाळीं कारखाना उघडण्याची किल्ली फोरमनच्या स्वाधीन केली. पण किल्ली देऊन ते थांबले नाहींत. “माझी झोंप त्याच्या उशाखालून काढलेली नको,” असें म्हणून त्यांनीं फोरमनचा पगार वाढविला व त्याच्या हाताखालीं एक माणूस दिला. आज ते पूर्वींइतके श्रीमंत नाहींत. मात्र परवां नातीस खांद्यावर घेऊन ते आमच्याकडे आले, दोन तास बसले, आणि त्या दोन तासांत त्यांनीं खिशांतला मोबाइल एकदांही बाहेर काढला नाहीं.

आमच्या स्नेह्यांचा दाखला फार लहान वाटत असेल तर मोठाही आहे, आणि तो प्रस्तुत पुस्तकांतल्याच एका पात्राचा आहे. ज्या बर्टोलिनींच्या ६९ मिनिटांवर आम्ही आक्षेप घेतला, त्यांनींच जानेवारी २०१५ मध्यें, म्हणजे पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर, आपल्या कंपनींतील सर्वांत कमी पगार असणाऱ्या सुमारें ५,७०० नोकरांस ताशीं निदान १६ डॉलर वेतन देण्याचें जाहीर केलें. जो मनुष्य स्वतःच्या दुखण्यांतून योगाकडे गेला तो शेवटीं पगारपत्रकाकडे आला, हें आम्हांस अत्यंत अर्थपूर्ण वाटतें. ध्यानानें मन शांत झालें म्हणजे तें कोठें वळतें, यावरून त्या ध्यानाची पारख करावी. बाईंच्या पुस्तकाची पुढें आवृत्ति निघाली तर त्या ६९ मिनिटांच्या शेजारीं हे १६ डॉलर छापले जावेत, एवढी आमची सूचना आहे.

मग हें पुस्तक वाचावें किंवा नाहीं? अवश्य वाचावें. पडण्याची व त्यानंतरच्या तपासण्यांची पानें वाचावीं, आईचीं सर्व पानें वाचावीं. शास्त्रीय प्रयोगांच्या याद्या चाळाव्या व शेवटचीं परिशिष्टें सोडून द्यावीं. विशेषेंकरून ज्यांच्या हाताखालीं माणसें आहेत त्यांनीं तें वाचावें. झोंप ही शरमेची गोष्ट नव्हे, हें एका यशस्वी स्त्रीनें उघडपणें सांगितल्यामुळें कित्येकांचे प्राण वांचले असतील, आणि केवळ एवढ्यासाठींही आपण तिचे ऋणी असलें पाहिजे. गीतेच्या सहाव्या अध्यायानें अति जागणाऱ्यास योग नाकारला आहे. तो अध्याय नित्य वाचणाऱ्या आमच्या घरांतूनही मुलगा रात्रीं दोनला कचेरींतून परतला तर आम्ही शेजाऱ्यांस तें कौतुकानेंच सांगतों. त्या कौतुकास या पुस्तकानें थोडा आळा बसला तरी पुष्कळ झालें.

परंतु तें कोणा दमलेल्या माणसास भेट द्यावयाचें असेल तर नुसतें पुस्तक देऊन परत फिरूं नये. त्याच्याजवळ घटकाभर बसावें, आणि त्याच्या ओझ्यांतलें एखादें गांठोडें आपणांस उचलतां येतें काय तें पाहावें; निदान सात तारखेचे पगार वांटण्यास कोणी आहे कीं नाहीं, एवढें तरी विचारून यावें. मोडून पुनः उभ्या राहिलेल्या उद्योजकाचें जें खरें पुस्तक मराठींत केव्हां तरी लिहिलें जाईल, त्यांत तो किती वाजतां निजतो हें असो वा नसो. त्याचा भार कोणीं कोणीं वाहिला व त्यानें तो कसा फेडला, हें मात्र असलें पाहिजे. त्या पुस्तकाची आम्ही वाट पाहत आहों.